पंचवीस अंशांची चूक

मी एक जुना ओव्हन आहे. मित्रांनो, स्वतःची गोष्ट सांगायची तर आधी स्वतःची खोट सांगून टाकावी, म्हणजे पुढचे सोपे जाते. माझी खोट ही: माझ्या बटणावर एकशे ऐंशी अंश दिसतात, तेव्हा माझ्या पोटात एकशे पंचावन्नच असतात. दोनशे दिसतात, तेव्हा एकशे पंच्याहत्तर. ना एक अंश जास्त, ना एक कमी. दर वेळी पंचवीसच. मी थापाड्या आहे, पण शिस्तीचा.

ही खोट माझ्यात कुठून आली ते मला नीट ठाऊक आहे. कारखान्यात माझे पत्रे वाकवले गेले, आतून निळसर काळा चकचकीत मुलामा चढला, दाराला दुहेरी काच बसली, वर आणि खाली तापणाऱ्या सळ्या लागल्या. माझ्या पाठीच्या भिंतीजवळ पेन्सिलीएवढी एक तांब्याची कांडी आहे. तिच्यात तेल भरलेले असते. मी तापलो की ते तेल फुगते, केसासारख्या बारीक नळीतून पुढे सरकते आणि बटणामागच्या पातळ पत्र्याला ढकलते. पत्रा पुरेसा ढकलला गेला की वीज तुटते. टक! मी निवलो की तेल आकसते आणि वीज पुन्हा जोडली जाते. टक! हा माझा श्वासच समजा.

पत्रा किती ढकलला गेल्यावर वीज तुटावी, हे एक इवलासा स्क्रू ठरवतो. तपासणीच्या बाकावरची बाई तो स्क्रू फिरवून माझा आकडा जुळवत होती. नेमकी तेव्हाच जेवणाच्या सुट्टीची शिटी झाली. स्क्रू अजून अर्धा फेरा फिरवायचा राहिला होता. जेवून परत आल्यावर तिने माझ्या शेजारच्या ओव्हनपासून काम सुरू केले आणि माझ्या पाठीवर 'तपासले' असा शिक्का बसला. तिच्यावर माझा राग नाही. भुकेल्या माणसाच्या हातून अर्ध्या फेऱ्याची चूक व्हायचीच.

मी ज्या घरी आलो, ते तिसऱ्या मजल्यावरचे घर होते. स्वयंपाकघर इतके अरुंद की माझे दार पूर्ण उघडले तर समोरच्या कपाटाचे उघडत नसे. बाहेरच्या खोलीत कापड बेतायचे मोठे टेबल, शिवणयंत्र आणि डोके नसलेला एक लाकडी पुतळा. घरात नवराबायको दोघेच. ती शिवणकाम करायची. कोट, झगे, शाळेचे गणवेश, काहीही. खडूच्या दोन रेषा मारून ती कापडावर अशी कात्री चालवायची की बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. गल्लीत तिला सगळे कात्रीबाई म्हणत. तिच्या जिभेकडे पाहूनही म्हणत असतील, पण ते तिच्यासमोर कोणी बोलत नसे.

नवरा कागदाच्या गिरणीत मापकांची दुरुस्ती करायचा. वाफेचा दाब, पाण्याची पातळी, भट्टीचे तापमान, जिथे जिथे काटा हलतो तिथे तिथे त्याचे काम. त्याला सगळे काटेवाले म्हणत. घरातले घड्याळ अर्ध्या मिनिटाने मागे पडले तरी त्याला जेवण गोड लागत नसे. त्याचा एकच धर्म होता: काटा खरा बोलला पाहिजे.

आता तुम्ही विचाराल, असा माणूस घरात असताना माझी थाप पकडली कशी गेली नाही? दिव्याखाली अंधार, दुसरे काय! काटेवाले स्वयंपाकघरात फक्त चहा करायला येत आणि दूध उतू घालवून बाहेर जात.

त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्याच प्रेमदिवसाला, म्हणजे दुकानांच्या काचांवर लाल कागदाची हृदये चिकटवतात ना, त्या दिवशी, कात्रीबाईने माझ्यात चॉकलेटचा थरांचा केक भाजला. पुस्तकात एकशे ऐंशी लिहिले होते, म्हणून तिने बटण एकशे ऐंशीवर ठेवले. मी एकशे पंचावन्नवर तापलो. वेळ संपली तेव्हा केक बाहेरून केक होता आणि आतून चिखल. ती डोळे पुसत म्हणाली, "माझा हातच बसत नाही यात." काटेवाल्यांनी चमचा मागून घेतला आणि तो अख्खा केक दोन दिवसांत संपवला. ते म्हणाले, "चमच्याने खायचा केक मी पहिल्यांदाच खातोय. छान कल्पना आहे."

मला बोलता आले असते तर तेव्हाच सांगितले असते की बाई गं, दोष तुझ्या हाताचा नाही, माझ्या स्क्रूचा आहे. पण ओव्हनला फक्त टक म्हणता येते.

वर्षभर ती स्वतःलाच दोष देत राहिली. मग एका दुपारी तिने चिकाटीने एक काम केले. सहा वाट्यांत एकसारखे मिश्रण घातले आणि एकामागून एक सहा वेगवेगळ्या आकड्यांवर भाजले. दर वेळी सगळे सारखे, फक्त आकडा वेगळा. मित्रांनो, याला प्रयोग म्हणतात. तिने त्याला प्रयोग म्हटले नाही, ती म्हणाली, "बघू तरी हा काय म्हणतोय." दोनशे पाचवरचा केक मऊ, ओलसर आणि आतपर्यंत शिजलेला निघाला. तिने माझ्या दारावर बोटाने टकटक केले आणि हसून म्हणाली, "पंचवीस. असं आहे होय!"

त्या दिवसापासून तिने जाड पुठ्ठ्याच्या एका वहीत प्रत्येक पाककृती माझ्या आकड्यात लिहिली. पाव, बिस्किटे, सफरचंदाची पोळी, भाजलेले बटाटे, सगळे. पुस्तकाचा आकडा अधिक पंचवीस. शिवताना कापडाच्या कडेला जशी शिलाईसाठी माया सोडतात, तशी तिने ही माझ्यासाठी सोडलेली माया होती. नवऱ्याला मात्र तिने हे कधी सांगितले नाही. एकदा ती नणंदेला म्हणाली होती, "वन्सं, यांना कळलं ना की ते स्क्रूड्रायव्हर घेऊन येतील. मग मी सगळं पहिल्यापासून शिकू का? चाललंय ते चालू दे."

एकतीस वर्षे चालले. दर प्रेमदिवसाला तोच केक. चार थर, प्रत्येक थरात कडू चॉकलेटची दाट साय, वर चकाकणारे आवरण. मी तुम्हाला त्या दुपारींबद्दल किती सांगू! गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात चॉकलेट वितळायचे, तेव्हा त्याच्या कडा आधी ओल्या दिसत आणि मधले तुकडे शेवटपर्यंत हट्ट करत. कोकोवर उकळती कॉफी ओतली की असा वास सुटायचा, की वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई काहीतरी निमित्त काढून वाटी परत करायला येत. माझ्यात एका वेळी दोनच साचे मावतात, त्यामुळे मिश्रणाचे दोन भाग व्हायचे. आधी दोन थर, मग दोन थर. काटेवाले कामावरून आले की कॉलर नीट करून टेबलाशी बसत आणि पहिल्या घासानंतर दर वर्षी तेच म्हणत: "मागच्यापेक्षा बरा आहे." ही त्यांची सर्वांत मोठी स्तुती होती. ती ऐकून मी रात्री उशिरा निवायचो. हे विज्ञानाला धरून नाही, पण मला तसे वाटायचे.

मग ते वर्ष आले. थंडीच्या सुरुवातीला कात्रीबाई ओल्या जिन्यावरून घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. ते निघाले तेव्हा मनगट बारीक आणि ताठ झाले होते. बोटे मिटत, पण जोर येत नसे. कात्री उचलली की हातातून सुटायची. बाहेरच्या खोलीतला लाकडी पुतळा अर्धवट बेतलेला कोट अंगावर घेऊन तसाच उभा राहिला.

माझेही दिवस बदलले. कोणी मला तापवेना. माझ्या पोटात तवे, झाकणे आणि एक फुटका डबा येऊन राहिला. डोक्यावर इस्त्रीचे कपडे. ओव्हनचे कपाट होणे म्हणजे काय, ते मी तेव्हा समजलो. माझा मुलामा गार पडला की त्याला ओलसर लोखंडाचा वास येतो. तो वास मला आवडत नाही.

प्रेमदिवसाच्या आदल्या संध्याकाळी कात्रीबाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "यंदा नाही हो जमायचं. दुकानातून आणा एखादा." मग जरा थांबून म्हणाली, "हात म्हणजेच मी होते. आता मी नुसती बाई राहिले."

काटेवाल्यांना बोलण्याचा सराव नव्हता. पण मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मला कळले की हा माणूस उद्या काहीतरी करणार आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता त्यांची थोरली बहीण आली. ती कात्रीबाईला मनगटाच्या व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन जाणार होती. बहीण शाळेत मुख्याध्यापिका होती. अजूनही ती घरात शिरली की घर आपोआप रांगेत उभे राही. काटेवाल्यांनी तिला दारामागे ओढून हळूच बेत सांगितला.

"तू?" ती म्हणाली. "अरे, तुला दूध तापवता येत नाही, तू केक भाजणार?"

"वहीत सगळं लिहिलंय, ताई. आकड्यांसकट. आकडे मला कळतात."

"पाच वाजेपर्यंत तिला बाहेर ठेवते. त्यापुढे जबाबदारी तुझी."

दार बंद झाले. काटेवाल्यांनी बाह्या दुमडल्या, माझ्या पोटातले तवे बाहेर काढले आणि कोरड्या फडक्याने मला पुसले. इतक्या काळजीने मला याआधी एकाच माणसाने पुसले होते. मग ते बाहेरच्या खोलीत गेले आणि गिरणीतला आपला तापमापक घेऊन आले. भट्ट्यांचा खरेपणा तपासायचा, लांब तारेचा. आता माझी थाप उघडी पडणार होती.

त्यांच्या दृष्टीने ते रीतीलाच धरून होते. कोणतेही यंत्र वापरण्याआधी तपासायचे. त्यांनी बटण एकशे ऐंशीवर ठेवले, पंधरा मिनिटे थांबले आणि आकडा वाचला. एकशे पंचावन्न. पुन्हा वाचला. दोनशेवर ठेवले. एकशे पंच्याहत्तर. ते मागच्या स्टुलावर बसले.

"बत्तीस वर्षं!" ते माझ्याशी बोलले. "बत्तीस वर्षं माझी बायको खोट्या काट्यावर काम करतेय. माझ्याच घरात! लाज नाही वाटत?" ती लाज त्यांची की माझी, ते त्यांनी स्पष्ट केले नाही.

पण त्यांचा चेहरा उजळला होता. आता केकबरोबर दुसरी भेटही देता येणार होती. त्यांनी वीज बंद केली, बटण ओढून काढले आणि मागचा तो इवलासा स्क्रू अर्धा फेरा फिरवला. कारखान्यातल्या त्या बाईने अर्धवट सोडलेले काम बत्तीस वर्षांनी पुरे झाले. त्यांनी पुन्हा मोजले. एकशे ऐंशीला एकशे ऐंशी. मी आयुष्यात पहिल्यांदा खरे बोलत होतो, आणि मला काही सुचत नव्हते.

मग त्यांनी केक करायला घेतला. काय तो काटेकोरपणा! मैदा त्यांनी ग्रॅमपर्यंत मोजला. अंडी फोडण्याआधी त्यांची वजने घेतली. चॉकलेट वितळवताना पाण्याचा थेंब आत जाऊ नये म्हणून भांड्याला टॉवेलचा गळपट्टा बांधला. सगळे निर्दोष. शेवटी वहीत पाहिले. कात्रीबाईच्या ठसठशीत अक्षरात लिहिले होते: 'दोनशे पाच. अठ्ठावीस मिनिटं. मध्ये दार उघडायचं नाही, कितीही मोह झाला तरी.'

हिने लिहिलेय म्हणजे बरोबरच, असे म्हणून त्यांनी बटण दोनशे पाचवर ठेवले.

पाहा मित्रांनो, गंमत कशी असते. वही बरोबर होती. आता मीही बरोबर होतो. आणि दोन बरोबर गोष्टी एकत्र येऊन एक मोठी चूक तयार झाली होती. हे मला एकट्यालाच ठाऊक होते आणि मला म्हणता येत होते फक्त टक.

दोन साचे माझ्यात आले. खऱ्याखुऱ्या दोनशे पाच अंशांत केकची कड चटकन आवळली गेली आणि घट्ट झाली. मध्ये मात्र मिश्रण अजून पातळ होते आणि त्यातला वायू फुगत होता. त्याला बाजूला जायला जागा उरली नाही, म्हणून तो वर उसळला. डोंगर झाला, डोंगराला भेग पडली, भेगेतून लाव्हा यावा तसा चिखल आला आणि कडा काळ्या पडू लागल्या. काटेवाले काचेतून बघत होते. दार उघडायचे नाही असे लिहिले होते, म्हणून ते उघडेनात. विसाव्या मिनिटाला मात्र घर धुराने भरले आणि त्यांनी नियम मोडला.

नेमके तेव्हाच दार वाजले. चारच वाजले होते. दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाई रजेवर होत्या. त्यांच्या मदतनिसाने दोनच व्यायाम देऊन बोळवण केली होती.

"अरे, आग लावलीस की काय?" बहीण जिन्यातूनच ओरडली. "खालच्या मजल्यापर्यंत वास आलाय!"

कात्रीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ओट्यावर दोन काळे, खचलेले थर. शेजारी पातेल्यात उरलेले अर्धे मिश्रण. उघडी वही. तापमापकाची तार. आणि बटणाजवळ स्क्रूड्रायव्हर. तिची नजर एकेका वस्तूवरून फिरत शेवटी माझ्यावर थांबली.

"तुम्ही याला उघडलंत?"

"दुरुस्त केला," काटेवाले म्हणाले. "पंचवीस अंशांनी खोटा होता गं. आता एकदम खरा आहे. तरी असं का झालं, कळत नाही. मी वहीतलं अक्षरन् अक्षर…"

"मला ठाऊक होतं तो खोटा आहे ते."

"ठाऊक होतं?"

"एकतीस वर्षं. वही त्याच्याच मापाची आहे. पुस्तकात एकशे ऐंशी असतं, मी दोनशे पाच लिहिते."

काटेवाल्यांनी वहीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि त्यांच्या डोक्यात हिशेब जुळला. मापकात चूक असावी आणि ती कोणीतरी जपून वापरत असावे, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात कधी घडलीच नव्हती.

कात्रीबाई ओट्याला टेकून उभी राहिली. ती रागावली नाही. ती रागावली असती तर बरे झाले असते. "हात गेला," ती हळूच म्हणाली. "आता वहीही गेली. मला जे जे येत होतं, ते सगळंच चुकीचं झालं की हो."

काटेवाले हातातले फडके पिळत राहिले, जणू त्यातूनच उत्तर निघणार होते.

"मी परत घालतो," ते म्हणाले.

"काय परत घालता?"

"चूक. पंचवीस अंशांची. होती तशी परत बसवून देतो. उद्या तो पूर्ण गार झाला की."

"तुम्ही?" तिने मान वर केली. "काटा मुद्दाम खोटा करणार?"

"करणार."

हे बोलताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की जणू कोणी त्यांना मांजर पाण्यात बुडवायला सांगितले आहे. कात्रीबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. आधी तिचे खांदे हलले, मग आवाज आला. ती हसत होती. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच मी तिला हसताना ऐकले.

"अहो, हे करताना तुम्हाला ताप येईल."

"येऊ दे."

"त्यापेक्षा नवा घ्या," बहीण म्हणाली. "आकडे चमकतात तसला. हा झालाय जुना."

"वन्सं, जुनं झालं की बदलायचं म्हटलं तर आधी तुमच्या भावापासून सुरुवात करावी लागेल. ते माझ्याकडे ओव्हनच्याही आधी आलेत."

मग तिला पातेले दिसले आणि तिचा आवाज बदलला. "हे मिश्रण किती वेळ पडलंय?"

"पस्तीस मिनिटं."

हे महत्त्वाचे होते. केकच्या मिश्रणात बेकिंग पावडर ओली झाली की वायू सुटू लागतो. भाजायला उशीर झाला तर तो उडून जातो आणि केक पायपुसण्यासारखा बसतो. कात्रीबाईने डाव्या हाताचे बोट मिश्रणात बुडवले आणि वर उचलून पाहिले. बारीक बुडबुडे अजून होते.

"आहे जीव. चला, साचे धुवा, लोणी लावा, ढवळू नका, नुसतं ओता. वन्सं, ओव्हनचं दार उघडून धरा, जरा निवू दे त्याला. आणि बटण एकशे ऐंशीवर. आज तो खरा आहे ना? मग आज पुस्तकाचा आकडा."

पाच मिनिटांत तिघे कामाला लागले. तिचा उजवा हात कुशीत होता, पण तिचे बोलणे चौघांचे काम करत होते. "तसं नाही, भांडं जवळ न्या. उंचावरून ओतलं की बुडबुडे फुटतात. आणखी. आणखी. पुरे! उरलेलं चाटायचं नाही, तुम्हाला सांगतेय, वन्सं."

साचे माझ्यात आले. एकशे ऐंशी खरे अंश. मला नवीन चष्मा लागल्यासारखे सगळे स्पष्ट वाटत होते. काटेवाले घड्याळ घेऊन बसले आणि कात्रीबाई डोळे मिटून. चोविसाव्या मिनिटाला ती म्हणाली, "काढा."

"अजून चार मिनिटं आहेत."

"काढा म्हणते ना. वास बदलला."

त्यांनी घड्याळाकडे पाहिले. मग तिच्याकडे पाहिले. आणि मित्रांनो, त्या माणसाने घड्याळ पालथे ठेवून माझे दार उघडले. थर सपाट होते, दाबले की परत वर येत होते. तिचे बरोबरच होते; मी दुपारभर तापलेला होतो, माझ्या भिंतींतही उष्णता साठली होती, ती घड्याळाला कशी कळणार?

पण थर दोनच होते आणि केक चार थरांचा. काटेवाल्यांनी पट्टी लावली. "साडेचार सेंटिमीटर उंच आहे एकेक. आडवे दोन भाग केले तर चार होतील. पण सुरीने सरळ येणार नाही."

"सुरी कोण मागतंय? कोटाला बटणं लावायचा जाड दोरा आणा."

थर निवल्यावर तिने त्यांना कडेभोवती मधोमध बारीक खाच पाडायला लावली. त्या खाचेत दोरा बसवला. समोर दोन्ही टोके एकमेकांवरून ओलांडली. एक टोक काटेवाल्यांनी धरले. दुसरे तिने उजव्या हाताच्या बोटांना गुंडाळले. बोटांत जोर नव्हता, म्हणून तिने ते मनगटाने नाही, कोपर मागे घेऊन ओढायचे ठरवले.

"दोघांनी सारखंच ओढायचं," ती म्हणाली. "तुमच्या बाजूने जास्त ताणलं तर उतरता कापला जाईल. आणि मोजत बसू नका. माझ्याकडे बघा."

ते तिच्याकडे बघत राहिले. दोघे हळूहळू मागे सरकले. स्वयंपाकघर अरुंद, त्यामुळे काटेवाल्यांची पाठ माझ्या दाराला टेकली. दोरा केकच्या पोटातून आवाज न करता निघाला. वरचा भाग उचलला तर खाली टेबलासारखा सपाट काप. मुख्याध्यापिकाबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मग आपण टाळ्या वाजवल्या हे लक्षात येऊन पदार्थाकडे परीक्षकासारखे पाहू लागल्या.

चार थर झाले. मध्ये चॉकलेटची साय, वर आवरण. ते एका बाजूला थोडे ओघळले, कारण पसरवणारा हात काटेवाल्यांचा होता. पाच वाजून वीस मिनिटांनी तिघे टेबलाशी बसले. पहिला घास काटेवाल्यांनी उचलला नाही. त्यांनी बशी तिच्यापुढे सरकवली आणि वाट पाहिली.

ती सावकाश चावत राहिली. मग म्हणाली, "मागच्यापेक्षा बरा आहे. पण पुढच्या वेळी आवरण मी पसरवीन."

पुढच्या वेळी, असे ती म्हणाली. ते काटेवाल्यांनी ऐकले आणि मीही ऐकले.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला उपदेश शोभत नाही, पण तुम्ही इतके ऐकलेत म्हणून एक मागणे मागतो. आमची काळजी घ्या. आम्हाला पुसा, आमच्या पोटात तवे कोंबू नका, महिनोन्‌महिने गार ठेवू नका. आणि आम्हाला दुरुस्त करायला निघाल तेव्हा आधी आमच्याशी ज्याचा रोजचा संबंध आहे त्याला विचारा. कुरकुरणारे दार, पुढे धावणारे घड्याळ, एका बाजूला झुकणारी खुर्ची, यांच्या खोडीशी कोणीतरी जुळवून घेतलेले असते. ते जुळवून घेणे हेही एक ज्ञानच असते, फक्त ते कुठल्या पुस्तकात छापलेले नसते. ज्याची वस्तू बिघडली आहे त्याला मदत जरूर करा; पण तुमची मदत त्याच्या हातात मावते का, तेही पाहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूर्ण गार झाल्यावर काटेवाले स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. कात्रीबाई स्टुलावर बसून हातात रबरी चेंडू दाबत होती. त्यांनी बटण काढले, एक मोठा श्वास घेतला आणि स्क्रू अर्धा फेरा उलटा फिरवला. मग तापमापक लावून मोजले. फरक सव्वीस आला. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा फिरवले. चोवीस. पुन्हा.

"अहो, एखाद्या अंशाने काय होतंय?" ती म्हणाली.

"चूक करायची तर नीट करायला हवी," ते म्हणाले.

आता माझ्या बटणावरचा आकडा पुन्हा खोटा आहे. बरोबर पंचवीस अंशांनी, तीनदा मोजून.